जर्मनीतले पहिले काही आठवडे

घाबरू नकोस, सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळ.

घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला आधीच मागून घे. आणि पत्रपेटीवर आडनाव त्याच दिवशी चिकटव! इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून टपाल टाकतो. नाव नसेल तर टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड सगळं परत जातं. नवख्यांची नेहमीची चूक हीच.

रविवारी दुकानं बंद. दूध-भाजी शनिवारीच आण.

महाराष्ट्र मंडळात जरूर जा, पण तेवढ्यावर थांबू नकोस. आठवड्यातली एक संध्याकाळ गावातल्या एखाद्या फेराइनला, म्हणजे हौशी मंडळाला दे: गाणं, बॅडमिंटन, काहीही. समोरचा इंग्रजीवर आला तरी तू मोडकं जर्मनच बोल.

टॅक्स रिटर्न वगैरे नंतर बघू.