व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘सॅलरी अटॅचमेंट ऑर्डर’ने पगार जप्त होतो का?

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरीला आहे. भत्ते धरून पगार ३१,००० रुपये. घरच्या आजारपणात मोबाइलवरच्या तीन ॲपवरून मिळून ७२,००० रुपयांचं कर्ज घेतलं. दोन हप्ते थकले, ई-मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) दोनदा बाउन्स झालं. आता एका ॲपच्या वकिलाकडून व्हॉट्सॲपवर ‘सॅलरी अटॅचमेंट ऑर्डर’ आली आहे. सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर एचआरला कळवून पगार जप्त करू, असं त्यात म्हटलंय. नातेवाइकांनाही फोन जात आहेत. काय करू?

उत्तर : या कागदाने तुमच्या पगाराला हात लागत नाही. पगारजप्तीचा आदेश फक्त न्यायालय देतं, वकील नाही. खरा आदेश असेल तर त्यावर न्यायालयाचं नाव, दरखास्तीचा (वसुलीसाठी न्यायालयात केलेल्या अर्जाचा) क्रमांक व वर्ष आणि शिक्का असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून तो तपासता येतो. क्रमांक नसेल, तर जिल्हा निवडून स्वतःच्या नावाने शोधा. काहीच सापडलं नाही, तरी महिन्यातून एकदा हे करत राहा.

जप्तीपर्यंतची वाट लांब आहे. कंपनीने दावा लावायचा, तुम्हाला समन्स यायचं, तुम्ही कैफियत (लेखी उत्तर) द्यायची, मग हुकूमनामा (दाव्याचा निकाल) झालाच तर त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त. त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४८-अ खाली न्यायालय तुमच्या मालकाला पगारातून रक्कम कापायला सांगतं. नुसत्या वसुली एजंटच्या ईमेलवर एचआरने पगार कापता कामा नये. तसं एचआरला आजच दोन ओळींत लिहून द्या: ‘न्यायालयाचा आदेश आल्याशिवाय कोणतीही कपात करू नये.’ अपवाद पगारदार पतसंस्थेचा. तिचं कर्ज घेताना पगारातून कपातीला लेखी संमती दिली असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे मालकाला कपात करावी लागते. तुमच्या तिन्ही ॲपना हे लागू नाही.

हुकूमनामा झालाच, तरी पूर्ण पगार जात नाही. संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून मुक्त आहेत. तुमच्या ३१,००० मधून १,००० वगळले की ३०,००० राहतात, त्यातले २०,००० सुरक्षित. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची जप्ती, आणि तीही तिघांची मिळून. तिघांनी वेगवेगळा तिसरा हिस्सा मागायचा नाही. एकाच हुकूमनाम्यापोटी सलग किंवा तुटक मिळून २४ महिने जप्ती झाली, की त्या हुकूमनाम्यासाठी तुमचा पगार कायमचा मोकळा होतो. भविष्य निर्वाह निधीलाही हात लावता येत नाही.

मला काळजी वेगळ्याच गोष्टींची वाटते. खोट्या नोटिसा पाहून पाहून लोक खरं समन्सही बाजूला टाकतात आणि एकतर्फी हुकूमनामा ओढवून घेतात. दावा आदेश ३७ खालचा, म्हणजे संक्षिप्त असेल, तर हजर होण्यासाठी समन्स मिळाल्यापासून फक्त १० दिवस असतात. बेलिफ (न्यायालयाचा कर्मचारी) आला तर समन्स घ्या, पाकिटावर तारीख टाका आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. फीची अडचण असेल, तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

दुसरी गोष्ट बाउन्स झालेल्या मँडेटची. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. पण खात्यात पैसे नसल्याने ई-मँडेट परत गेलं, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी कंपनीने मँडेट परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची असते आणि ती मिळाल्यावर तुम्हाला १५ दिवस मिळतात. आलेल्या सगळ्या नोटिसांत ‘कलम २५’ आहे का, ते आधी शोधा. असेल तर थोडेफार पैसे हाताशी आहेत ते आधी तिथे वळवा.

तिसरी गोष्ट, ईमेलवर लवादाची (न्यायालयाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाची) नोटीस आली तर तिची. कर्जाच्या करारात लवादाची अट बहुतेक असतेच, आणि लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो. मात्र कंपनीने एकटीने परस्पर नेमलेला लवाद चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच ठरवलं आहे. म्हणून गप्प बसू नका. ‘या नेमणुकीला माझी हरकत आहे’ असं लगेच ईमेलने कळवा आणि संमतीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. निवाडा झालाच, तर आव्हानाला तीन महिने असतात.

नातेवाइकांना फोन करून तुमची अब्रू काढणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायलाही मनाई आहे. कॉलची यादी, स्क्रीनशॉट, नातेवाइकांना आलेले मेसेज जपून ठेवा. कर्जाच्या मुख्य तथ्य विवरणात, म्हणजे केएफएसमध्ये, ॲपमागच्या खऱ्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव असतं. तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फोटो बदलून पसरवण्याची धमकी आली, तर १९३० वर सायबर तक्रार नोंदवा.

परतफेडीचं बोलणं तिघांशी वेगवेगळं करा, आणि चौथ्या ॲपचं कर्ज काढून या तिघांना देऊ नका. तडजोडीचं पत्र कंपनीच्या ईमेलवरून आधी मागवा, मगच पैसे भरा, तेही कंपनीच्या खात्यात. एजंटच्या खासगी यूपीआयवर एक रुपयाही नको. ‘सेटलमेंट’ म्हणून कमी रक्कम भरलीत, तर सिबिल अहवालात तशीच नोंद राहते. पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ होणं वेगळं. लोकअदालतीत तडजोड पुरसीसवर (तडजोडीच्या लेखी निवेदनावर) सही करण्याआधी हप्ता पगारातून खरंच निघतो का, ते घरी बसून मांडा. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि हप्ता चुकला तर नवा दावा न लावता थेट दरखास्त येते.