पत्रकाराचा फोन आला तर

परीक्षा विभागात नवीन आहात, म्हणजे निकालाच्या दिवसांत पत्रकारांचे फोन येणारच. घाबरू नका. नाव, दैनिक, नेमका प्रश्न आणि उत्तर किती वाजेपर्यंत हवंय, एवढं लिहून घ्या आणि लगेच जनसंपर्क अधिकाऱ्यांना कळवा.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- अंदाजाने तारीख सांगणं. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निकालासाठी ३० दिवस, फार तर ४५, अशी मुदत आहे. तुम्ही सहज बोललेली तारीख उद्या मथळा होते आणि मुलं त्यावर पुढच्या प्रवेशाचं ठरवतात.
- ‘नाव छापू नका’ म्हणत मन मोकळं करणं.
- एखाद्या विद्यार्थ्याचे गुण फोनवर सांगणं.

फोन मात्र टाळू नका. ‘माहिती घेऊन चारपर्यंत कळवतो’ म्हणा, आणि चारला खरंच कळवा.