वाचक विचारतात: रोटरी इंजिनला डक्टेड फॅन थेट जोडला तर?

प्रश्न (एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव): मी इथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ आणि मिलिंगवर काम करतो. घरी दोन सीटचं हलकं विमान बांधायचं लई दिवस डोक्यात आहे. माझ्दा गाडीचं जुनं १३बी रोटरी इंजिन मिळतंय. प्रोपेलरच्या ऐवजी मागं डक्टेड फॅन (गोल नळीच्या आत फिरणारा पंखा) डायरेक्ट शाफ्टला लावला तर गिअरबॉक्स वाचेल ना? आणि सांब्र्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, धावपट्टीवर जमेल का?

उत्तर: दादा, गिअरबॉक्स वाचतो हे खरं आहे, पण त्याची किंमत टेकऑफला मोजावी लागते. १३बी मध्ये ६५४ सीसीचे दोन रोटर (पिस्टनच्या जागी गोल फिरणारे तिकोनी भाग), वॉल्व्ह नाहीत, वरखाली होणारा पिस्टन नाही, त्यामुळं ६००० आरपीएमवर ते आरामात फिरतं आणि १६० हॉर्सपॉवरच्या आसपास देतं. आता १.८ मीटरचा प्रोपेलर ६००० वर फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ५६५ मीटर होतो, आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पुढं, म्हणून तिथं गिअरबॉक्स लावून २७०० पर्यंत खाली आणावंच लागतं. ८० सेंटीमीटरचा फॅन त्याच ६००० वर फिरला तर टोक २५० मीटरवर राहतं, म्हणजे २७०० वर फिरणाऱ्या मोठ्या प्रोपेलरइतकंच. तुमची कल्पना इथवर अगदी बरोबर.

अडचण पुढं आहे. भरपूर हवा हळू ढकलली की थ्रस्ट, म्हणजे विमान पुढं रेटणारा जोर, जास्त मिळतो, थोडी हवा जोरात ढकलली की तीच पॉवर वाया जाते. १६० हॉर्सपॉवरला विमान जागेवर उभं असताना, कसलाच लॉस न धरता, १.८ मीटरच्या प्रोपेलरला साधारण ४५५ किलो थ्रस्ट येतो, ८० सेंटीमीटरच्या फॅनला डक्टचा फायदा धरूनही ३३५ च्या जवळपास, आणि फॅनच्या मधल्या हबनं अडवलेली जागा वजा केली की अजून खाली. सांब्रा विमानतळ समुद्रसपाटीपासून ७५८ मीटरवर, एप्रिलच्या दुपारी ३६ डिग्री असेल तर तिथली हवा समुद्रसपाटीच्या स्टँडर्ड हवेपेक्षा १५ टक्के विरळ, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनची पॉवरही जवळपास तेवढीच पडते. लांब धावपट्टीवर एकटे बसून उडाल, पण शेजारी माणूस, टाकी फुल्ल आणि छोटी पट्टी असेल तर मला धास्ती वाटते.

तुमच्या हाताचा खरा कस लागेल तो डक्टमध्ये. ब्लेडचं टोक आणि डक्टची भिंत यात दोन-तीन मिलिमीटरच्या वर फट गेली की डक्टचा फायदा झपाट्यानं कमी होतो. फायबरचा डक्ट साच्यातून काढताना गोल असतो, आणि इंजिनच्या गर्मीत, शिवाय फ्युजलाजचा (विमानाच्या धडाचा) पीळ बसला की जरासा अंडाकृती होतो, मग एका बाजूला फट पाच मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ब्लेड घासतंय. शाफ्टवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं यंत्र) लावून सगळीकडनं रीडिंग घ्या, थंड असताना आणि इंजिन तापल्यावर, दोन्ही वेळा. टोकाजवळच्या पट्ट्यात मऊ अस्तर द्या, म्हणजे घासलं तरी अस्तर झिजेल, ब्लेड वाचेल.

अजून एक, आणि हे विसरू नका. १३बी चं थ्रस्ट बेअरिंग गाडीच्या क्लचच्या दाबासाठी केलेलं आहे, फॅनची सततची ओढ त्याच्यावर टाकायची नाही. फॅनला स्वतंत्र बेअरिंग हाउसिंग करा, मध्ये रबराचं कपलिंग घाला. शाफ्ट जितका लांब तितकी पिळाची कंपनं वाढतात, आणि ती नेमकी चालवायच्या आरपीएमवर आली तर शाफ्ट तुटतो.

कूलिंगला पाण्याच्या रेडिएटरइतकंच ऑइल कूलरला महत्त्व द्या, रोटरीत बरीच उष्णता ऑइलमधून बाहेर येते. एक्झॉस्ट ९०० डिग्रीच्या आसपास, साधं एम.एस. (माइल्ड स्टील) पाइप टिकत नाही. आणि पेट्रोल पिस्टन इंजिनपेक्षा जास्त पितं, टाकी त्या हिशोबानं.

हे कुणी केलंच नाही असं नाही. जर्मनीतल्या आरएफबी कंपनीनं फॅनट्रेनर नावाचं ट्रेनर विमान केलं, १९७७ साली त्याचा पहिला नमुना उडाला तो १५० हॉर्सपॉवरच्या दोन वँकेल, म्हणजे रोटरीच, इंजिनांवर, कॉकपिटच्या मागं फ्युजलाजमध्येच डक्टेड फॅन. थायलंडच्या हवाई दलानं ती विमानं घेतली, पण विक्रीच्या विमानात वँकेल जाऊन अॅलिसनचं टर्बाइन आलं. फॅन मात्र राहिला.

मला विचाराल तर पहिलं विमान गिअरबॉक्स आणि प्रोपेलरवर करा. फॅनचा हट्ट असेल तर आधी वर्कशॉपच्या मागं टेस्ट स्टँड उभा करा, लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) लावून थ्रस्ट मोजा, जाळी आणि अंतर ठेवून, ब्लेडच्या रेषेत कुणाला उभं करू नका. २५० किलोच्या खाली आकडा आला तर तो डक्ट विमानावर चढवू नका.

प्रश्न (एक वाचक, निपाणी): घरी बांधलेल्या विमानाला आपल्या देशात परवानगी मिळते का?

उत्तर: मिळते, पण वेळ लागतो. मुंबईत कांदिवलीला गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, डीजीसीएकडं (देशाच्या विमान वाहतूक नियामकाकडं) नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उडवायची परवानगी २०१९ मध्ये. तुम्ही अॅल्युमिनियमचा पत्रा कापायच्या आधी डीजीसीएला लेखी विचारा, आणि प्रत्येक वेल्डचा फोटो, मटेरियलचं बिल, टेस्टचा आकडा तारखेसह वहीत उतरवत चला, तपासणीला तीच वही मागतात.