पेटी कुठलीही चालेल, माप चुकलं तर नाही चालणार: तीन तारांच्या गिटारवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या घरी पेटीपासून तीन तारांची गिटार कशी होते ते थोडक्यात लिहिलं होतं, म्हणजे सिगारच्या पेटीसारखी लाकडी पेटी, तिच्यातून आरपार जाणारी दांडी, तीन खुंट्या आणि तीन तारा, एवढंच. त्यावर देवगडपासून हर्णैपर्यंत सगळीकडून प्रश्न आलेत. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि नावं न देता फक्त गावं देतोय.

देवगडहून एक बागायतदार विचारतात: सिगारची पेटी आमच्याकडे कुठून मिळणार? वखारीत आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्या पडल्यात, त्या चालतील का?

सिगारचीच पेटी पाहिजे असं अजिबात नाही हो. तिकडे अमेरिकेत तिची गिटार झाली कारण ती प्रत्येक घरात पडलेली असायची. 1860 च्या दशकात तिथे कर वसुलीसाठी सिगार पेटीतच भरून विकायचा कायदा आला, मग रिकाम्या पेट्यांचा सुळसुळाट झाला, आणि ज्याला वाद्य परवडत नव्हतं त्याने ती पेटी, एक काठी आणि मिळेल ती तार घेऊन काम भागवलं. 1884 मध्ये डॅनियल कार्टर बियर्ड नावाच्या माणसाने पोरांसाठी सिगारच्या पेटीचा बँजो कसा करायचा त्याची आकृती छापली होती. लाइटनिन हॉपकिन्ससारखा मोठा ब्लूज गायक लहानपणी असल्याच पेटीवर शिकला. म्हणजे जे हाताशी होतं ते त्यांनी घेतलं, आपल्या हाताशी आंब्याची पेटी आहे तर आपण ती घ्यायची.

पण आंब्याची पेटी आहे तशी चालणार नाही. तिच्या फळ्यांमध्ये हवेसाठी फटी असतात, म्हणजे आवाज धरायला बंद पोकळीच नाही. मी काय करतो, पेटी सोडवतो, खिळे काढतो (सगळे काढा, एक राहिला तरी करवतीचे दात जातात), चांगल्या फळ्या रंध्याने साफ करून त्यांच्या चार बाजू करतो, साधारण 25 बाय 18 सेंमी आणि 6 सेंमी खोल, आणि तबली, म्हणजे तारांखालचं वरचं झाकण, मात्र 3 मिमी प्लायची लावतो. आवाज तबलीतून येतो, बाजू फक्त तिला धरून ठेवतात.

कुठली पेटी चांगली हे बघायला डोळे नकोत, बोटाचं पेर पुरे. मागे रत्नागिरीत एका जुन्या दुकानात मसाल्याची लाकडी पेटी, चहाची प्लायची पेटी आणि सुक्यामेव्याची गिफ्टवाली पेटी अशा तीन समोर ठेवून झाकणाच्या मधोमध ठोकून बघत होतो. मसाल्याची जाड होती, ती नुसती टक् करून गप्प. गिफ्टवाली पुठ्ठ्याची, धप्प. चहाच्या पेटीवर ठोकलं तर ढम्म असा आवाज आला आणि बोट उचलल्यावरही झाकण क्षणभर घुमत राहिलं, ते हाताला कळत होतं. तीच घेतली. तिची गिटार अजून माझ्याकडे आहे.

दांडीसाठी जुन्या चौकटीचं किंवा वाश्याचं वाळलेलं सागवान शोधा, 90 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद, 2 सेंमी जाड, गाठ नको आणि रेघा सरळ पाहिजेत. परसातला फणस कालच पाडलाय म्हणून त्याची दांडी करू नका, फणस वाद्याला चांगलाच पण ओलं लाकूड पावसाळा संपेस्तोवर पिळतं. शिवणीच्या झाडाचं लाकूड असेल तर तेही छान, हलकं आणि सहसा वाकत नाही. ही दांडी पेटीच्या आरपार गेली पाहिजे, कारण पातळ तारा लावल्या तरी तिघींचा मिळून ताण 20 किलोच्या आसपास जातो, म्हणजे दोन भरलेल्या कळशा त्या दांडीला दिवसरात्र लटकल्यात असं समजा. तो भार दांडीने घ्यायचा, पेटीने नाही. आणि झाकणाखाली येणारा दांडीचा भाग 3 मिमी खरवडून खाली घ्या, नाहीतर तबली दांडीला टेकते आणि आवाज बसतो. हे बरेच जण विसरतात.

गुहागरहून: मित्राच्या गिटारवरून पडद्यांची (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांची) मापं घेऊन तशीच दांडीवर लावली, पेटी छोटी म्हणून घोडी (पेटीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) थोडी आत घेतली. सुरुवातीचे सूर ठीक, पण पाचव्या पडद्यापासून पुढे सगळं चढं लागतं. तारा खराब असतील का?

तारा बिचाऱ्या चांगल्या आहेत, माप चुकलंय. आणि बरं झालं तुम्ही विचारलंत, कारण घरी केलेल्या दहातल्या सात गिटारी इथेच बिघडतात असा माझा अनुभव आहे.

मेरूपासून (खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत तारेचा जो मोकळा भाग वाजतो, त्या लांबीवरून प्रत्येक पडद्याची जागा ठरते. लांबी बदलली की सगळे पडदे बदलले. मित्राची गिटार 65 सेंमीची असणार, बहुतेक मोठ्या गिटारी तेवढ्याच असतात, आणि तुम्ही घोडी आत घेऊन लांबी केलीत समजा 60. मग बारावा पडदा, जो बरोब्बर अर्ध्यावर म्हणजे 30 वर पाहिजे, तो पडला 32.5 वर. तिथे वरचा सा यायला हवा, पण येतो कोमल रे आणि शुद्ध रेच्या मधला कुठलातरी सूर. पाचव्यावर पाव स्वराएवढी चूक होते, ती कानाला टोचायला लागते, आणि पुढे वाढतच जाते. तुम्ही लिहिलंय तसंच.

हिशोब सोपा आहे. लांबीला 17.817 ने भागायचं, तो पहिला पडदा. जी लांबी उरली तिला पुन्हा 17.817 ने भागायचं, तेवढं पुढे दुसरा, असं करत जायचं. 60 सेंमीला मेरूपासून धरलं तर पहिला 3.37, दुसरा 6.55, तिसरा 9.55, चौथा 12.38, पाचवा 15.05, सातवा 19.95 आणि बारावा 30. खुणा करताना प्रत्येक वेळी मेरूपासूनच मोजा, एका पडद्यापासून पुढच्या पडद्याला मोजलंत तर अर्धा अर्धा मिमी साठत जाऊन बाराव्याला घोळ होतो.

तुमच्या केसमध्ये पडदे काढायच्या आधी घोडी मागे सरकवून बघा, पेटीत जागा असेल तर 65 वर नेलीत की पडदे आपोआप जागेवर येतील. जागा नसेल तर मग पडदे काढावेच लागतील.

आणि एक विनंती, घोडी चिकटवू नका. मी पहिल्यांदा केली तेव्हा पट्टीने मोजून 60 वर फेविकॉलने पक्की बसवली होती, रात्रभर वजन ठेवून. सकाळी तारा चढवल्या तर बाराव्या पडद्यावर सूर जरासा चढा, कारण तार पडद्यावर दाबली की ती थोडी ताणली जाते, त्यासाठी घोडी 2-3 मिमी मागे लागते आणि जाड तारेच्या बाजूला अजून जरा जास्त. पटाशीने घोडी काढली तर तिच्यासोबत तबलीचा वरचा पापुद्राच निघून आला. तो डाग बघितला की अजून वाईट वाटतं. तारांचा दाबच घोडीला धरून ठेवतो, फक्त जागा मिळाली की पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा. मी आता घोडीला 8 मिमीचा लांब बोल्ट आडवा ठेवतो, त्याच्या आट्यांमध्ये तारा आपोआप बसतात, सरकत नाहीत.

हर्णैहून: आमच्याकडे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) भरपूर, त्याच्या तारा लावल्या तर? आणि स्पीकरला जोडायचं झालं तर काय करायचं?

लावा की, चांगला गोड आवाज येतो, स्टीलपेक्षा मऊ. बारीक तारेला 1 मिमीचा, मधल्या तारेला 1.2 चा तंगूस चालेल. सगळ्यात खालच्या सुराला मात्र तो ढिला पडतो, नुसता लोंबतो, तिथे क्लासिकल गिटारची गुंडाळलेली नायलॉन तार घ्या. तंगूस दोन-तीन दिवस ताणत राहतो, सारखा उतरतो, तेव्हा घाबरू नका, मग स्थिरावतो. शिवाय तुमच्या खाऱ्या हवेत स्टीलच्या तारा महिन्याभरात गंजतात आणि तंगुसाला ती भीतीच नाही.

तंगुसाचा अजून एक उपयोग सांगतो, तो गुहागरवाल्यांनीही वाचावा. त्याचे पडदे बांधता येतात. सतारीचे पडदे कसे दोऱ्याने बांधलेले असतात आणि हवे तसे सरकवता येतात, तसंच दांडीची मागची बाजू गोल करून तंगुसाचे दोन वेढे घट्ट मारायचे आणि गाठ कडेला घ्यायची. गाठी तुम्हाला मी काय शिकवणार. सूर चुकला तर पडदा सरकवा, करवत नको, गोंद नको. फक्त स्टीलच्या तारा लावल्यात तर हे पडदे लवकर कापले जातात, नायलॉनच्याच ठेवा.

स्पीकरसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिझो डिस्क मागा, बझरमध्ये असते ती पितळी टिकली, 27 मिमीची. ती झाकणाच्या आतून घोडीच्या जवळपास चिकटवायची आणि शिल्ड वायरने जॅकला जोडायची. इलेक्ट्रिक गिटारचा मॅग्नेटवाला पिकअप तंगुसाला ऐकूच शकत नाही, त्याला लोखंड लागतं.

कुडाळहून: आमच्या वाडीत बेंजो पार्टी आहे, पण व्हिडिओत अमेरिकन लोक वाजवतात तो बँजो वेगळाच दिसतो. तो घरी करता येईल का? घरात जुनं घुमट (मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं वाद्य) आहे, त्याचं कातडं वापरू का?

नाव एक पण वाद्यं दोन. आपल्या मिरवणुकीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. त्याचं मूळ जपानमध्ये, नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये तैशोगोतो नावाचं वाद्य काढलं, त्याचं हे आपल्याकडचं रूप. व्हिडिओतला बँजो आफ्रिकेतून आला, गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून दांडी लावली तिथून. त्याची पाचवी तार आखूड असते, पाचव्या पडद्यापाशी सुरू होते आणि अंगठ्याने एकच सूर धरून ठेवते. सतारीच्या चिकारीचं, म्हणजे कडेच्या आखूड तारांचं, काम तसंच, आणि तुणतुण्यात तर तेवढंच असतं.

करायला सोपा आहे, 10-12 इंची, बोल्टवाली डफली घ्या, तिच्या कडेला समोरासमोर दोन चौकोनी खाचा करून दांडी आरपार घाला, हलकी लाकडी घोडी पानावर, म्हणजे डफलीच्या ताणलेल्या पडद्यावर, ठेवा, झालं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचाही होतो, त्याचा आवाज जरा टिनपाट पण मला आवडतो.

कातड्याचं मात्र गांभीर्याने सांगतोय. जुन्या घुमटांना घोरपडीचं कातडं असायचं, तुमच्या घुमटालाही तेच असेल. घोरपडीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. ते कातडं काढून दुसरीकडे लावू नका, आणि कुणी नवीन आणून देतो म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. आता घुमटं बकऱ्याच्या कातड्याची होतात आणि छान वाजतात. बँजोला मी तर फायबरचं पानच सांगेन. आपल्याकडे जून लागला की कातडं ओल धरून सैल पडतं, घोडी खाली बसते, तारा पडद्यांना घासून खरखरतात, आणि गणपतीत ऐन आरतीला वाद्य शेगडीपाशी धरायची वेळ येते.

राजापूरहून नववीतली एक मुलगी: बाबांनी गिटार करून दिली, पण शिकवायला कुणी नाही. आईचं भजनी मंडळ काळी 4 मध्ये (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गातं, त्यांच्यासोबत वाजवता येईल का? आजी म्हणते, "ह्या काय करतंस गो, तुणतुणा?"

बाळा, आजी बरोबर म्हणते, तुणतुण्याचंच हे भावंड आहे. आणि तुला शिकवायला घरातच माणसं आहेत, आईच्या मंडळात जे पेटी म्हणजे हार्मोनियम वाजवतात त्यांना विचार.

तिन्ही तारा सा, प आणि वरचा सा अशा लाव. साध्या गिटारच्या पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या नंबरच्या तारा असतील तर त्या पांढरी 5 ला म्हणजे जी, डी, जी अशा छान बसतात. यात ग नाहीच, त्यामुळे भजन कोमल गंधाराचं असो की शुद्ध, नुसत्या मोकळ्या तारा छेडल्यास तरी कशाशीच भांडण होत नाही.

मंडळ काळी 4 मध्ये गातं ना, मग तारा सोडवून पुन्हा लावायची गरज नाही. काळी 4 एकच पडदा वर आहे. एक पेन्सिल पहिल्या पडद्याच्या जरासं मागे, खुंट्यांच्या बाजूला, तारांवर आडवी ठेव आणि दोन्ही टोकांना रबरबँड घट्ट गुंडाळ. आता पेन्सिल म्हणजे शून्य, तिथून पुढे पडदे मोज.

भूप रागापासून सुरू कर. बारीक तारेवर, मोकळी तार सा, दुसरा पडदा रे, चौथा ग, सातवा प, नववा ध, बारावा वरचा सा. उजव्या हाताच्या अंगठ्याने जाड तार मधूनमधून छेडत राहा म्हणजे खाली षड्ज धरलेला राहील. रोज पंधरा मिनिटं, सावकाश. पडद्याच्या डोक्यावर बोट ठेवू नकोस, त्याच्या किंचित मागे ठेव, तिथे कमी दाबलं तरी सूर स्वच्छ येतो आणि बोटं कमी दुखतात. पहिले आठ-दहा दिवस दुखतील मात्र, मग घट्टे पडतात.

पेन्सिल बांधली की तारा थोड्या चढतात, म्हणून ती बांधल्यावर पेटीवाल्यांकडून काळी 4 चा सा मागून घे आणि तिन्ही तारा पुन्हा तपास. पहिल्या गुरुवारी नुसते सा आणि प धरून बस, टाळाबरोबर, चाल वाजवायची घाई नको, आणि आजीला शेजारी बसव.