कशात ओपन, ते आधी सांग

प्रिय मुली,

तू पाठवलेले टोपॉलॉजीच्या वहीचे फोटो काल रात्री बघितले, झूम करून, एकेक पान नीट. तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस की [०, २] ही आपली स्पेस धरली, म्हणजे आपलं सगळं जग एवढंच, तर [०, १/२) हा सेट (चौकोनी कंसाचं टोक आत, गोल कंसाचं बाहेर) ओपन नाही, आणि कारण दिलंयस, "०च्या डावीकडे इंटरव्हल सेटच्या बाहेर जाते". हे कारण वाचून मला बरं वाटलं कारण त्यात विचार आहे, नुसतं पाठांतर नाही, पण उत्तर चुकलंय, आणि बरोबर ह्याच जागी मीही एकदा चुकले होते, त्यामुळे हे पत्र जरा लांबणारे. सावकाश वाच.

आता बघ, सेट ओपन म्हणजे त्याच्या प्रत्येक पॉइंटभोवतीचे पुरेसे जवळचे सगळे पॉइंट सेटच्या आतच असतात. इंटरव्हल बाहेर जाते असं तू म्हणतेस ते कुठून बघून? रिअल लाईनवर उभी राहून. पण प्रश्नातली स्पेस [०, २] आहे, आणि तिथे −०.१ नावाचा पॉइंटच नाही, म्हणजे बाहेर जायला बाहेर असं काही शिल्लकच नाहीये. ०पासून ०.१पेक्षा कमी अंतरावरचे सगळे पॉइंट दे असं [०, २]ला सांगितलं तर ती तुला [०, ०.१) काढून देईल, आणि हे सगळेच्या सगळे [०, १/२)च्या आत आहेत. बाकीच्या पॉइंटांचं तर काही प्रश्नच नाही. झाला ओपन.

व्याख्या तुला पाठ आहे, तरी एकदा हातासरशी लिहिते. एक्स ही मोठी स्पेस, ए हा तिचा सबसेट. यू हा ए मधे ओपन कधी म्हणायचा, तर एक्स मधला एखादा ओपन सेट व्ही असा मिळाला की यू = ए ∩ व्ही. बस एवढंच. आपल्या उदाहरणात व्ही म्हणून (−१, १/२) घे, त्याला [०, २]ने छेद दे, [०, १/२) हातात येतो. व्ही चा जो भाग ए च्या बाहेर पडतो त्याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. क्लोज्ड म्हणजे ज्याच्या बाहेरचा सगळा भाग ओपन, त्याचंही तसंच, एक्स मधला क्लोज्ड सेट घ्यायचा आणि ए ने छेदायचा.

माझी गोष्ट सांगते. एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, रॅशनल नंबर्स ही स्पेस घेतली तर −√२ आणि √२ च्या मधले सगळे रॅशनल नंबर, हा सेट ओपन की क्लोज्ड? मी लगेच म्हणाले, दोन्ही नाही. परीक्षकांनी फक्त एक शब्द विचारला, "कशात?" आणि मला तो प्रश्नच कळला नाही. ओपन म्हणजे ओपन, त्यात "कशात" काय, असं माझ्या डोक्यात होतं. म्हणजे ओपन असणं हा सेटच्या अंगचा गुण आहे असं मी दोन वर्षं धरून चालले होते आणि कुठेच अडले नव्हते, कारण तोपर्यंतची सगळी गणितं रिअल लाईनवरच होती. घरी येऊन ते गणित मी कागदावर केलं तेव्हा कुठे उजेड पडला, आणि तो कागद मी कितीतरी महिने जपून ठेवला होता.

ते गणित तूही कर, माझ्यासोबत. रिअल लाईनवर (−√२, √२) ओपन आहे, त्याला रॅशनलने छेदलं की आपला सेट मिळतो, म्हणून तो रॅशनलमधे ओपन. आता रिअल लाईनवर [−√२, √२] क्लोज्ड आहे, त्यालाही रॅशनलने छेद. काय मिळालं? तोच सेट! कारण जी दोन टोकं वाढवली ती रॅशनल नाहीतच, छेदताना गळून पडली. म्हणजे एकच सेट ओपनही आणि क्लोज्डही. रिअल लाईनवर मात्र तो खरंच दोन्ही नाही, माझं उत्तर रिअल लाईनपुरतं बरोबर होतं, पण प्रश्न रिअल लाईनचा नव्हता.

आणि हे इथे थांबत नाही. कुठलेही दोन रॅशनल घे, त्यांच्यामधे एक इरॅशनल सापडतोच, तिथे असाच काप मारता येतो, म्हणजे रॅशनलमधे दोन पॉइंट असलेला कुठलाही सेट कनेक्टेड, म्हणजे दोन वेगळ्या ओपन तुकड्यांत न फुटणारा, राहत नाही. इतकी तुटलेली स्पेस. पण म्हणून तिथला प्रत्येक पॉइंट सुटा आहे का? नाही! एखाद्या रॅशनलभोवती कितीही छोटी इंटरव्हल घेतली तरी तिच्यात दुसरे अनंत रॅशनल असतात, त्यामुळे एकट्या पॉइंटचा सेट तिथे ओपन नाही. इंटिजर्सचं बघ, ते पण रिअल लाईनचाच सबसेट, पण तिथे ३च्या भोवती (२.५, ३.५) घेतली की एकटा ३ मिळतो, म्हणून इंटिजर्समधे प्रत्येक सेट ओपन. वारसा एकाच घरचा, पण दोघांच्या वाट्याला आलेलं किती वेगळं. तुला हे दोन्ही एकत्र बघायचं असेल तर ०, १, १/२, १/३, १/४... हा सेट घे. १/५ च्या भोवती १/३० त्रिज्येची इंटरव्हल म्हणजे (१/६, ७/३०), तिच्यात ना १/६ येतो ना १/४, एकटा १/५ राहतो, म्हणजे तो सुटा. पण ०च्या भोवती १/१००० एवढीच त्रिज्या घेतलीस तरी १/१००१ पासून पुढचे सगळे आत येतात. ० काही केल्या सुटा होत नाही. हा सेट मला अजूनही फार आवडतो, अर्ध्याअधिक शंका ह्याच्यावरच तपासून बघता येतात.

तुझ्या पाचव्या पानावर एक वाक्य आहे, "ए मधे ओपन म्हणजे एक्स मधे पण ओपन". हे ए स्वतः एक्स मधे ओपन असेल तरच. का ते तूच बघ, ए आणि व्ही दोन्ही ओपन तर छेद ओपन. तसंच ए क्लोज्ड असेल तर ए मधला क्लोज्ड सेट एक्स मधे क्लोज्ड. ए तसा नसेल तर गॅरंटी नाही. आणि सबसेटच्या सबसेटला टोपॉलॉजी, म्हणजे कुठले सेट ओपन ह्याची यादी, थेट मोठ्या स्पेसकडून घेतली काय नि मधल्या स्पेसकडून घेतली काय, एकच येते, ते एका ओळीत होतं, तिथे वेळ घालवू नकोस.

वेळ घालवायचा तर क्लोजर आणि इंटिरियरवर घाल. क्लोजर म्हणजे सेटला पोटात घेणारा सगळ्यात छोटा क्लोज्ड सेट, इंटिरियर म्हणजे सेटच्या आत बसणारा सगळ्यात मोठा ओपन सेट. बी हा ए चा सबसेट असेल तर ए मधलं बी चं क्लोजर काढायला एक्स मधलं क्लोजर काढायचं आणि ए ने छेदायचं, हे नेहमी चालतं. मग वाटतं इंटिरियरचंही तसंच असेल, आणि इथे भलेभले फसतात. बी आणि ए दोन्ही म्हणून रॅशनल घे. रॅशनलमधे रॅशनलचं इंटिरियर अख्खे रॅशनल, आणि रिअल लाईनवर रॅशनलचं इंटिरियर रिकामं. रिकामं ∩ काहीही = रिकामं, त्यामुळे बरोबरी गेली. एका बाजूने समावेश राहतो तेवढाच.

आता तू विचारलंयस की ही व्याख्या अशीच का, कोणी ठरवलं. चांगला प्रश्न आहे, हा प्रश्न फार जणांना पडत नाही. फेलिक्स हाउसडॉर्फ ह्या जर्मन गणितज्ञाचं १९१४चं पुस्तक आलं तेव्हापासून पॉइंटांच्या आजूबाजूचे सेट धरून स्पेसचा विचार करायची रीत पक्की झाली, पण ही व्याख्या अशीच का ह्याचं उत्तर इतिहासात शोधायला नको, कामात शोध. आपल्याला काय हवंय? ए मधला पॉइंट उचलून तोच पॉइंट एक्स मधे ठेवायचा, हे जे अगदी साधं फंक्शन आहे, इन्क्लूजन, ते कंटिन्युअस हवं, म्हणजे एक्स मधल्या कुठल्याही ओपन सेटमधे जाऊन पडणारे पॉइंट मिळूनही ओपन सेट व्हायला हवा. तेवढ्यासाठी प्रत्येक ए ∩ व्ही ओपन असावाच लागतो, ह्यातून सुटका नाही. आणि तेवढेच ओपन ठेवले, एकही जास्तीचा नाही, तर एक मोठा फायदा होतो, कुठल्याही स्पेसमधून ए मधे येणारं फंक्शन कंटिन्युअस आहे की नाही हे एक्स मधे बघून ठरवता येतं. वर्तुळावर फिरणारा पॉइंट कंटिन्युअसली फिरतो का हे तू प्लेनमधले त्याचे दोन कोऑर्डिनेट बघून ठरवतेस ना, ते ह्याच जोरावर. जास्तीचे ओपन सेट घातले असते तर हे मोडलं असतं, कमी ठेवले असते तर इन्क्लूजन मोडलं असतं. म्हणून मी म्हणते की इथे निवडायला जागाच नव्हती.

कॉम्पॅक्ट आणि कनेक्टेड हे शब्द मात्र वेगळ्या जातीचे आहेत, आणि हे मला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. कॉम्पॅक्ट म्हणजे ओपन सेटांनी कसंही झाकलं तरी त्यातल्या मोजक्यांनीच झाकून होणारा सेट. सेट कॉम्पॅक्ट आहे का हे विचारताना "कशात" लागत नाही. एक्स मधल्या ओपन सेटांनी झाकलं की ए च्या स्वतःच्या ओपन सेटांनी, फरक पडत नाही, कारण ए चा प्रत्येक ओपन सेट हा एक्सच्या कुठल्यातरी ओपन सेटचा छेदच असतो, एकीकडचं कव्हर दुसरीकडे नेता येतं. पण "क्लोज्ड आणि बाउंडेड म्हणजे कॉम्पॅक्ट" हे जे तू सातव्या पानावर बिनधास्त वापरलंयस ते रिअल लाईनवर खरं, रॅशनलमधे नाही. माझा तोंडी परीक्षेतला सेट परत घे. रॅशनलमधे तो क्लोज्ड आहे, बाउंडेड आहे. आता १, १.४, १.४१, १.४१४ असे √२कडे सरकणारे आर घेऊन −आर आणि आर च्या मधल्या रॅशनलनी त्याला झाकत जा. सगळे मिळून झाकतात, पण त्यातले मोजके कितीही घेतले तरी सगळ्यात मोठा आर √२च्या अलीकडेच थांबतो आणि मधे काही रॅशनल उघडे राहतात. कॉम्पॅक्ट नाही.

वारशात काय येतं काय नाही ह्याचा तक्ता तुझ्या नोट्समधे असेलच. हाउसडॉर्फ असणं (कुठलेही दोन पॉइंट एकमेकांना न शिवणाऱ्या दोन ओपन सेटांत ठेवता येणं) येतं, मेट्रिक असणं येतं, काउंटेबल बेस असणं (एक, दोन, तीन असे क्रमाने मांडता येतील एवढ्याच ओपन सेटांपासून बाकी सगळे बनवता येणं) येतं, कॉम्पॅक्टनेस फक्त क्लोज्ड सबसेटला हमखास येतो. पण तक्ता पाठ करण्यापेक्षा न येणाऱ्या एका गोष्टीचं उदाहरण हाताने कर. रिअल लाईनवर [ए, बी) अशा इंटरव्हलांची (इथे ए, बी हे नुसते आकडे) टोपॉलॉजी घे आणि तिचं प्लेन बनव, त्याला रॉबर्ट सॉर्जेनफ्रे ह्या गणितज्ञाच्या नावाने ओळखतात, १९४७चं काम आहे. बेस म्हणजे खालची आणि डावी कड असलेले चौकोन. रॅशनल कोऑर्डिनेटचे पॉइंट तिथे सगळीकडे डेन्स आहेत, म्हणजे रिकामा नसलेल्या प्रत्येक ओपन सेटमधे त्यातला एखादा सापडतोच, आणि ते काउंटेबल आहेत, म्हणून स्पेस सेपरेबल. आता एक्स + वाय = ० ही तिरकी रेष घे. तिच्यावरच्या कुठल्याही पॉइंटला डावा खालचा कोपरा करून चौकोन काढ. तो रेषेला फक्त त्या कोपऱ्यात शिवतो! म्हणजे रेषेवरचा प्रत्येक पॉइंट सुटा, आणि असे पॉइंट अनकाउंटेबल, सेपरेबिलिटी गेली. हे चित्र पेन्सिलने काढ, डोक्यात नको.

शेवटच्या पानावर तू [०, १) आणि वेगळा २ असा सेट घेऊन म्हटलंयस की ह्याच्यावर क्रम आहे, तर ऑर्डरवरून टोपॉलॉजी काढू, तीच येईल. येत नाही. रिअल लाईनकडून आलेल्या टोपॉलॉजीत (१.५, २.५)ने छेदलं की एकटा २ ओपन. पण नुसत्या क्रमाने बघितलं तर २च्या लगेच अलीकडे काय आहे? १कडे सरकत जाणारे सगळे पॉइंट, मधली मोकळी जागा क्रमाला दिसतच नाही, त्यामुळे २भोवतीचा कुठलाही ओपन सेट त्यातले काही ओढून आणतो. क्रमाची टोपॉलॉजी घेतली तर ही स्पेस चक्क [०, १] सारखी कनेक्टेड आहे, आणि वारशाने आलेली घेतली तर तुटलेली. पॉइंट तेच, सेट तोच. असंच [०, २π) इंटरव्हल वर्तुळाभोवती गुंडाळताना होतं, फंक्शन कंटिन्युअस, एकास एक, सगळं वर्तुळ भरतं, पण [०, १) इंटरव्हलमधे ओपन असूनही वर्तुळावर गेल्यावर ओपन राहत नाही, कारण सुरुवातीच्या पॉइंटजवळ शेवटचे पॉइंट मागून येऊन चिकटतात. म्हणून गुंडाळलेल्याला एम्बेडिंग, म्हणजे टोपॉलॉजी न बिघडवता दुसऱ्या स्पेसमधे बसवणं, म्हणायच्या आधी नेहमी तपास की इमेजला मिळालेली टोपॉलॉजी आणि तू घेऊन आलेली टोपॉलॉजी जुळतायत का.

आता एक काम. क्लोजरचं जुळतं, इंटिरियरचं जुळत नाही हे वर झालं. बाउंडरीचं, म्हणजे क्लोजरमधून इंटिरियर वजा केल्यावर जे उरतं त्याचं, काय होतं ते तू शोध, ए मधली बी ची बाउंडरी आणि एक्स मधली बाउंडरी छेद ए, ह्यातली कुठली कुणाच्या आत बसते ते सिद्ध कर, आणि बरोबरी मोडणारं उदाहरण दे. आधी [०, २] आणि [०, १/२) वर करून बघ, ०चं काय होतं तिकडे लक्ष ठेव. वहीचे फोटो पाठव, आणि ह्यावेळी प्रत्येक "ओपन" शब्दापुढे कशात ते लिहिलेलं असू दे.

तुझी,
ताई