सात डोळ्यांचा पेंग्विन

प्रश्न : ताई, बाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि मी दोन मुलांसोबत घरात. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीनची. दुसरीच्या वेळी नोकरी सोडली, ती माझ्याच मर्जीने. बर्फ जास्त पडला की शाळा बंद, मग दिवस उजाडताच प्रश्न, आता काय? रात्री फोनवर बघून मी दुसऱ्या दिवशीचं क्राफ्ट ठरवते. कागदाचा पेंग्विन, कापसाचा बर्फमाणूस, असं काय काय. दहा मिनिटांत मुलगा उठून जातो, मुलगी गोंद केसांना लावते आणि उरलेलं मीच पूर्ण करते. संध्याकाळी नवरा विचारतो, "आज काय केलंत?" दाखवायला काहीतरी हवं ना. परवा मुलाने पेंग्विनला सात डोळे चिकटवले आणि मी त्याच्यावर केवढ्याने ओरडले. तो रडत झोपला. नंतर मी एकटीच कागद कापत बसले, छान वाटलं, आणि मग छान वाटल्याचीच लाज वाटली. मी वाईट आई आहे का? आणि केलेल्या वस्तूंचा हा एवढा ढीग साठलाय, त्याचं काय करू? टाकवत नाही. – घरातच असलेली

उत्तर :

प्रिय घरातच असलेली,

वाईट आई आहेस का? नाही. पुढे जाऊ.

मला तुझ्या पत्रातलं एकच वाक्य अडलं, आणि ते तू जाता जाता लिहिलंयस. "दाखवायला काहीतरी हवं ना." म्हणजे तो पेंग्विन मुलांसाठी नव्हताच मुळी. तो तुझा हजेरीपट होता. घरातल्या कामाचं दुखणंच असं की ते झालेलं दिसत नाही. घासलेली ताटली दोन तासांत खरकटी होते, घातलेला मोजा दारापर्यंत जाईस्तोवर ओला होतो. दिवसभर राबून संध्याकाळी घर सकाळी होतं तसंच, किंवा जरा जास्तच विस्कटलेलं. अशात टेबलावर एक नीटनेटका, दोन डोळ्यांचा पेंग्विन उभा असला, तर तो तरी साक्ष देतो की मी बसून नव्हते. तुझी धडपड मला पूर्ण कळते. पण ती साक्ष काढायला तू एका सहा वर्षांच्या मुलाला कामाला लावलंस, आणि त्याला सात डोळे हवे होते.

तू त्याला विचारलंस का, सात का? मला फार उत्सुकता आहे. मागून अस्वल आलं तर दिसावं म्हणून असतील, किंवा डोळ्यांचं पाकीट संपवायचं असेल. दोन्ही कारणं चोख आहेत. उद्या विचार. विचारताना "मी ओरडले ते चुकलं" एवढं म्हण आणि थांब. त्यापुढे "पण तू सुद्धा" जोडू नकोस.

या विषयावर मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग आहे, 1973 सालचा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, मग छानसं प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्रं काढून झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात तेच पेन पुन्हा ठेवले, तेव्हा प्रमाणपत्राच्या आशेने काढणारी मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आता तू काही प्रमाणपत्रं वाटत नाहीस, हे मान्य. पण फोनवरचा नमुना समोर ठेवलास की बक्षीस-परीक्षा आलीच, आणि मूल ते बरोबर ओळखतं. नमुन्यासारखं जमत नाही हे दहा मिनिटांत कळलं की शहाणं मूल उठून जातं. तुझा मुलगा शहाणा आहे.

म्हणून माझं सांगणं : क्राफ्ट ठरवणं बंद कर. सामान ठेव. एक मोठा पुठ्ठ्याचा खोका, चिकटपट्टी, सुतळी, बोथट टोकाच्या दोन कात्र्या, जुने कागद. "याचं काय करूया" हे तू म्हणायचं नाहीस. पहिला पाव तास ती "कंटाळा आला" म्हणून तुझ्या पदराला लोंबकळतील, तेवढा वेळ तुला तग धरायला लागेल. तीन वर्षांच्या मुलीला आकार कापता येत नाही आणि या वयात यायलाही नको. तिला कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या दे. कचकच करून तुकडे पाडणं हेच तिचं क्राफ्ट. तुकड्यांचं पुढे काही व्हायला हवं असं फक्त मोठ्या माणसांना वाटतं. बारीक मणी आणि सुटे प्लास्टिकचे डोळे मात्र तिच्या हाताला लागू देऊ नकोस. ती अजून कधी काय तोंडात घालेल त्याचा भरवसा नाही.

बर्फ पडतोच आहे तर तोच कामाला लाव. एक घमेलंभर बर्फ घरात आण, खाली जाड टॉवेल पसर, चमचे-वाट्या दे, खायच्या रंगाचं पाणी दे. हातमोजे घालून खेळू देत. तासभर तरी तुला हाक येणार नाही. बर्फावर मीठ टाकलं की तो वितळायला लागतो आणि रंग आत झिरपतो, ते बघायला मुलांना फार आवडतं. फक्त मीठ आणि बर्फ एकत्र करून उघड्या हातात धरू देऊ नकोस. ते मिश्रण साध्या बर्फापेक्षा पुष्कळ थंड होतं, शून्याखाली वीस अंशांच्या आसपास जाऊ शकतं, आणि कातडीला भाजल्यासारखी इजा करतं.

आणि मुलाला बर्फाचे कण दाखव. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरी कापडाचा तुकडा पाऊणएक तास बाहेर ठेव, तो गार व्हायला हवा, नाहीतर कण टेकताच पाणी. मग भुरभुर पडत असताना कापड हातावर धरायचं, श्वास रोखायचा आणि भिंगातून बघायचं. सहा टोकं दिसतील, किंवा मोडकी चार दिसतील. मोडकीच जास्त दिसतात, आधी सांगून ठेव. गोठताना पाण्याचे रेणू सहा कोनांच्या जाळीत बसतात, म्हणून सहा. केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने 1611 मध्ये "सहाच का?" एवढ्या प्रश्नावर एक छोटी पुस्तिका लिहून मित्राला नववर्षाची भेट म्हणून दिली होती. त्याला पक्कं उत्तर सापडलं नाही. तेव्हा मुलाने विचारलं आणि तुला नाही सांगता आलं तरी तू बऱ्या माणसांच्या पंगतीत आहेस.

कागदाचं बर्फफूल करायचंच असेल तर घड्या तू घाल, कात्री त्याला दे. पातळ चौकोनी कागद, एक कर्णावर घडी, मग त्रिकोण पुन्हा मधोमध, आणि मग कागदाचा मध्य ज्या टोकाला आलाय तिथून तीन सारखे भाग धरून एक बाजू पुढे, एक मागे. वरची वेडीवाकडी शेपटी कापून टाकायची. हे तीन भाग महत्त्वाचे. पुष्कळ ठिकाणी नुसतं अर्ध्याचं अर्धं करत जातात आणि आठ टोकांचं फूल होतं. आकाशातून तसं कधी पडत नाही. (फोनवरच्या चित्रांत आठ टोकं दिसली की मला उगाच चीड येते, हा माझा दोष नव्हे, गुण समज.) बारा पदर एकदम कापायचे म्हणजे लहान हाताला जड जातं. तेव्हा कडेला दोन-तीन खाचा पाडल्या तरी भरपूर झालं. उलगडण्याचं काम त्याचंच. मध्ये हात घालू नकोस.

ओघात आठवलं म्हणून सांगते. बर्फाच्या एकेका कणाचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक, विल्सन बेंटली, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याची आई लग्नाआधी शिक्षिका होती. तिने चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याला घरीच शिकवलं आणि आपला जुना सूक्ष्मदर्शक त्याला वापरायला दिला. 1885 च्या जानेवारीत त्याला पहिला फोटो साधला, आणि पुढे आयुष्यभरात त्याने असे पाच हजारांवर फोटो काढले. तुझ्या मुलाने तसलं काही करावं म्हणून हे सांगत नाही, उगाच आणखी एक ओझं घेऊ नकोस. मला त्या आईचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की तिने वस्तू हातात दिली. त्याने त्यातून काय बघायचं हे ठरवायला ती बसली नाही.

बाहेर रोज जा, पंधरा-वीस मिनिटं का होईना. आकाश ढगाळ असलं तरी दिवसाचा बाहेरचा उजेड काही हजार लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतो, आणि दिवे लावलेली आपली खोली जेमतेम काहीशे. खिडकीत उभं राहून ती भरपाई होत नाही. मला माहीत आहे, दोघांना तयार करण्यातच जीव जातो आणि शेवटचं बटण लागलं की एकाला शू लागते. म्हणून आधी शू, मग पॅन्ट, मग बूट, मग जॅकेट, हातमोजे सगळ्यात शेवटी. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मोजे हात जास्त ऊबदार ठेवतात, आणि लहान मुलांना ते चढवणंही सोपं जातं. वारा-वादळाचा इशारा असेल त्या दिवशी अर्थातच नाही.

आता तुझ्याबद्दल. मुलं झोपल्यावर कागद कापायला छान वाटलं, त्यात लाज कसली? मला तर पत्रातली तीच सगळ्यात चांगली बातमी वाटली. तुला हाताने काही करायला आवडतं. ती आवड तू मुलांच्या नावावर खपवतेस, त्यांचे पेंग्विन पुरे करतेस, आणि मग त्यांनी ते बिघडवले की जिवाला लागतं. तुझं वेगळं काढ. वेगळी कात्री, चांगला कागद, स्वतःचा डबा, वरच्या फळीवर. विणकाम, भरतकाम, कागदकाम, जे काही असेल ते मुलांच्या समोरही कर. त्यांच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर तू तुझं करतेस, ती त्यांचं करतात. लहान मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात तसंच हे. त्यांनी विचारलं तर दाखव, हाताला धरून करून घेऊ नकोस. आणि त्यांच्या कामाला रात्री हात लावायचा नाही. अर्धवट राहिलं तर अर्धवट.

नवऱ्याचं काय? मला वाटतं तो बिचारा बोलायला काही सुचत नाही म्हणून "आज काय केलंत" विचारतो, आणि तुला ती झाडाझडती वाटते. पण तो काय मनात धरून विचारतो हे मी इथून ठरवू शकत नाही. तू त्याला सांग. दारात, तो बूट काढत असताना नव्हे. सुट्टीच्या दिवशी, चहा पिताना सांग : हा प्रश्न मला हिशेब मागितल्यासारखा लागतो, त्याऐवजी मुलांना विचार. आणि "मदत कर" असं मोघम म्हणू नकोस, त्यातून कधीच काही निघत नाही. आठवड्यातली एक ठरलेली वेळ माग, त्या वेळी दोन्ही मुलं पूर्णपणे त्याची आणि तू घराबाहेर. एकटी. सामान आणायला म्हणून नाही. परत आल्यावर घर उलटंपालटं दिसलं तर काही बोलू नकोस, जीभ चाव.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नकोस. सतत रडू येतंय, झोप फार वाढली किंवा उडाली, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही, आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, किंवा दर हिवाळ्यात ठरल्यासारखं होतंय, तर डॉक्टरांकडे जा. हिवाळ्यातल्या कमी उजेडाशी जोडलेलं नैराश्य हा ओळखला गेलेला आजार आहे, 1984 पासून त्याच्यावर पद्धतशीर अभ्यास झालाय, आणि त्यावर उपचार आहेत. सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या खास दिव्यासमोर बसणं हा त्यातलाच एक, पण तो डॉक्टरांना विचारून. जीवनसत्त्व ड बद्दलही त्याच भेटीत विचार. स्वतःला किंवा मुलांना इजा करावी असं मनात आलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. तुझ्या पत्रावरून तू तिथे आहेस असं मला वाटत नाही. तुला दमणूक आहे आणि दिवसभर बरोबरीच्या माणसाशी बोलणं नाही, हे दिसतंय. त्यासाठी तुझ्यासारखीच घरात अडकलेली एखादी शेजारीण गाठ. पसारा आवरून मग बोलावू असं ठरवलंस तर वसंत उजाडेल.

राहिला ढीग. टाक. सगळा नाही. मुलांनाच सांग, प्रत्येकी तीन निवडा. त्यांच्या मागे पेन्सिलने नाव आणि तारीख लिही आणि एका पुठ्ठ्याच्या फाइलीत सपाट ठेव. खोक्याचे किल्ले वगैरे फाइलीत मावत नाहीत, त्यांचा फोटो काढ. मिठाच्या कणकेच्या वस्तू ठेवूच नकोस, मीठ दमटपणा ओढतं आणि त्या मऊ पडतात, आणि घरात कुत्रं असेल तर एवढं मीठ त्याला विषासारखं. चमकी लावलेले कागद रद्दीत घालू नकोस, साध्या कचऱ्यात जाऊ देत. उरलेलं टाकायचं काम मात्र मुलं झोपल्यावर कर आणि पिशवीचं तोंड नीट बांध, कारण सकाळी डब्यात आपलं चित्र सापडलं की तुझं काही खरं नाही.

– ताई