सोयरीक मोडली, पण मोटर एकाच जागी बसली

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र थोडक्यात असं. मुलगी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पिकअप ट्रकसाठी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेलं) तंत्रज्ञान, याच विषयाचं वेड तिनं घेतलंय. त्यासाठी मिशिगनला एमएस करायचं म्हणते आणि कर्ज ४० लाखांचं होईल. तुम्ही शोधाशोध केलीत तेव्हा सापडलं की फोर्ड आणि टोयोटा या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी २०११ मध्ये नेमकं हेच काम मिळून करायचं ठरवलं आणि २०१३ मध्ये ते सोडलं. तुम्ही विचारता, "एवढ्या मोठ्या दोघांना मिळून जे जमलं नाही, त्यावर माझ्या मुलीनं कर्ज काढून का लागावं? आणि सगळे इलेक्ट्रिककडे चालले असताना हे अर्धवट कशाला?"

आधी ते "जमलं नाही" तपासू. २२ ऑगस्ट २०११ ला फोर्डचं मुख्यालय असलेल्या डिअरबॉर्नमध्ये सामंजस्य करार जाहीर झाला: मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या ट्रक आणि एसयूव्हींसाठी हायब्रिड प्रणाली बरोबरीच्या नात्यानं विकसित करायची आणि दशकाच्या अखेरीपर्यंत गाडीत आणायची. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेनं २०२५ साठी गाड्यांच्या सरासरी मायलेजचं, गॅलनला ५४.५ मैलांचं लक्ष्य सांगितलं होतं. पिकअप ही तिथली भरपूर खपणारी, भरपूर नफ्याची आणि भरपूर पेट्रोल पिणारी गाडी, तेव्हा गरज दोघांनाही होती. जुलै २०१३ मध्ये व्यवहार्यतेचा अभ्यास संपला आणि दोघांनी सांगितलं की पुढचं काम आपापलं करू.

पुढे काय झालं ते बहुतेक लोक वाचत नाहीत. फोर्डची हायब्रिड पिकअप एफ-१५० २०२१ च्या मॉडेलला आली: ३.५ लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन, १० गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यात ३५ किलोवॅटची मोटर आणि दीड किलोवॅट-तासाची लिथियम बॅटरी. टोयोटाची हायब्रिड पिकअप टुंड्रा २०२२ च्या मॉडेलला आली: टर्बो व्ही-६ इंजिन, १० गिअर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ३६ किलोवॅटची मोटर, मागच्या सीटखाली १.८७ किलोवॅट-तासाची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी. सोयरीक मोडून आठ-नऊ वर्षं झाली, दोन्ही घरं वेगळी, तरी मोटर एकाच जागी बसली आणि ताकदही जवळजवळ तेवढीच. म्हणजे काम मेलं नव्हतं. भागीदारी हा कंपन्यांच्या हिशेबवह्यांचा प्रश्न असतो. मोटर कुठं बसायची हे ट्रकला ओढायचं वजन ठरवतं. मुलीनं कंपनीकडे पाहून विषय निवडला असेल तर तुमची काळजी खरी आहे. ओढायच्या वजनाकडे पाहून निवडला असेल, तर तो करार मोडल्यानं तिचं काहीच बिघडलेलं नाही.

कराराच्या घोषणेतलं आणखी एक कलम तिच्या कामाचं आहे. मूळ प्रणाली दोघांची, पण ती आपापल्या गाडीत बसवणं आणि तिचं कॅलिब्रेशन (गाडीनुसार बारीक जुळवणी) ज्याचं त्यानं करायचं, असं तेव्हाच ठरलं होतं. अशा करारांत साधारण हीच वाटणी असते. महागडं आणि ग्राहकाला न दिसणारं ते वाटून घ्यायचं. पॅडलवर पाय ठेवल्यावर गाडी कशी वागते ते कुणी वाटून घेत नाही. भागीदारी टिको वा तुटो, कंट्रोल आणि कॅलिब्रेशनचे इंजिनिअर दोन्हीकडे लागतातच. सोबत जोडणीची कागदपत्रं लिहिणारे लागतात: कुठला सिग्नल कोण पाठवणार, किती मिलिसेकंदांनी, तो चुकला तर मोटरनं काय करायचं. हे काम कंटाळवाणं म्हणून मुलं टाळतात आणि त्यामुळेच ते येणाऱ्याला मागणी असते.

इथून पुढचं मुलीला वाचायला द्या.

कारसाठी गाजलेली हायब्रिड रचना ट्रकला जशीच्या तशी का चालत नाही, हे तुला कागदावर मांडता आलं पाहिजे. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड कारमध्ये इंजिन प्लॅनेटरी गिअरच्या कॅरिअरला (छोटे गिअर धरणाऱ्या चौकटीला) जोडलेलं असतं, छोटी मोटर सन (मधल्या) गिअरला. सनला ३० दात, बाहेरच्या रिंगला ७८. म्हणून इंजिनच्या टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) ३० भागिले १०८, म्हणजे २८ टक्के भाग छोट्या मोटरला पेलावा लागतो, तोही सतत. इंजिन १४२ न्यूटन-मीटरचं असेल तर तो भाग ३९ न्यूटन-मीटर होतो. आता तिथं ट्रकचं ६७८ न्यूटन-मीटरचं इंजिन ठेव. आकडा १८८ वर जातो. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारं उपकरण), थंड करणारं तेल, सगळंच पाचपट फुगतं आणि चढावर ट्रेलर ओढताना हा विजेचा रस्ता तापतच राहतो.

जनरल मोटर्स, डेमलर-क्रायस्लर आणि बीएमडब्ल्यू यांनी २००४-०५ पासून एकत्र येऊन यावरच 'टू-मोड' प्रणाली काढली होती. गिअरबॉक्सच्या आत ६० किलोवॅटच्या दोन मोटरी आणि चार पक्के गिअर, म्हणजे जड ओझ्याला ताकद यांत्रिक रस्त्यानंच जावी. डोक्यानं उत्तम, खिशाला जड. शेव्हरोले सिल्व्हराडो हायब्रिडमध्ये ती २००९ ला आली आणि २०१३ च्या मॉडेलनंतर बंद झाली. ओढायची कमाल मर्यादा होती ६,१०० पौंड, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास. साध्या सिल्व्हराडो याहून जास्त ओढत होत्या. जास्त पैसे देऊन कमी ओढणारा ट्रक कोण घेणार!

आता एक गणित वहीत कर, त्याशिवाय पुढं वाचू नकोस. अमेरिकेत ओढण्याची क्षमता एसएई जे२८०७ या मानकानं ठरते. त्यातल्या एका चाचणीचा नमुना म्हणजे ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ: ११.४ मैल, एसी पूर्ण चालू, उन्हाळा, आणि वेग ताशी ४० मैलांखाली जायला नको. साधारण १८.३ किलोमीटर, ताशी ६४ किलोमीटर, म्हणजे १७ मिनिटं. ट्रक आणि ट्रेलर मिळून ६ टन धर, चढ ५ टक्के. चढासाठी ५२ किलोवॅट, टायरच्या घर्षणाला १०-११, हवेच्या विरोधाला ट्रेलरसकट १२ च्या आसपास. बेरीज ७५ किलोवॅट, सलग १७ मिनिटं, म्हणजे २१ किलोवॅट-तास. एफ-१५० ची बॅटरी आहे दीडची आणि त्यातलीही ६० टक्केच वापरायची असं मानलं तर ०.९. मोटर पूर्ण ३५ किलोवॅटनं चालवलीस तर दीड मिनिटात खडखडाट. उरलेली साडेपंधरा मिनिटं इंजिन एकटं. कारखान्याकडे निघालेला दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर चढावर कसा एका सुरात घुमतो ते तू पाहिलं आहेस. तिथं मदतनीस नाही, दमदार बैल लागतो. म्हणून फोर्ड आणि टोयोटा दोघांनीही इंजिन कमी केलं नाही, पूर्ण ताकदीचं ठेवलं आणि मोटर हाताशी दिली.

उतारावर उलटा पेच. तोच चढ उतरताना घर्षण आणि हवा वजा जाता ३० किलोवॅटच्या आसपास ऊर्जा परत मिळू शकते. बॅटरी दोन मिनिटांत भरते. त्या क्षणी मोटरचा ब्रेक सुटतो आणि तेवढाच ब्रेक चाकांच्या ब्रेकनी, गिअर उतरवून किंवा ट्रेलरच्या ब्रेकनी लगेच भरून काढावा लागतो. तो बदल चालकाच्या पायाला जाणवला तर कॅलिब्रेशन फसलं.

इंजिन आणि मोटर यांच्यामधला क्लच ही तिसरी दुखरी जागा. ट्रक नुसत्या मोटरवर चालला आहे आणि चालकानं पॅडल दाबलं. आता त्याच मोटरला गाडीही ढकलायची आणि क्लच घासत ठेवून इंजिनही फिरवायचं. मोटरची सगळी ताकद आधीच गाडीला दिलेली असेल तर गाडी क्षणभर मागे ओढल्यासारखी होते. म्हणून इंजिन सुरू करण्यापुरता टॉर्क नेहमी राखून ठेवतात. राखीव जास्त ठेवला तर इंजिन लवकर सुरू होतं आणि पेट्रोल जातं, कमी ठेवला तर धक्का बसतो. हा आकडा तेलाचं तापमान, बॅटरीचा चार्ज आणि ट्रेलर जोडला आहे की नाही, यांवर बदलतो. नोकरीत महिनोन्महिने असल्याच तक्त्यांवर काम करावं लागतं. ते तुला आवडेल का, हे आत्ताच ठरव.

आवडेल असं वाटलं तर आठ आठवड्यांचा प्रकल्प घे. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचं कॉलेज लायसन्स असेल तर त्याच्या सिम्युलिंकमध्ये, नसेल तर पायथनमध्ये. अमेरिकन पर्यावरण संस्थेची चाचणीचक्रं (सेकंदागणिक वेग किती हवा याचे तक्ते) घे: शहरी चक्र १,३६९ सेकंदांचं, महामार्गाचं ७६५ सेकंदांचं. दर सेकंदाला चाकापाशी लागणारी ताकद काढ, ती इंजिन आणि मोटरमध्ये वाट, बॅटरीच्या चार्जची खिडकी (किमान-कमाल मर्यादा) ४० ते ७० टक्के ठेव. पहिल्या फेरीत हमखास दोन चुका होतात. एक, इंजिन दर दोन सेकंदांनी चालू-बंद होत राहतं, कारण चालू आणि बंद करायची मर्यादा एकच ठेवलेली असते. दोन्हींत अंतर ठेव आणि एकदा सुरू झालेलं इंजिन किमान ५ ते १० सेकंद चालू दे. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. चक्र सुरू होताना बॅटरी ६५ टक्के, संपताना ४५, आणि अहवालात "२० टक्के इंधनबचत". ती बचत नाही, बॅटरीतून काढलेली उसनवारी आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा चार्ज जुळेपर्यंत चक्र पुन्हा पुन्हा चालव, मगच आकडा लिही. मुलाखत घेणारा पहिल्यांदा तेच पाहील. मग हीच गाडी ६ टनांची करून डेव्हिस डॅम चढव आणि बचत कशी आटत जाते त्याचा आलेख काढ.

सोबत कॅन बस (गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणारी दोन तारांची व्यवस्था) शीक. यूएसबीवर चालणारं साधं ॲडॉप्टर आणि दोन कंट्रोलर बोर्ड पुरतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक लागतात. वीज बंद असताना कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन तारांमध्ये ६० ओहम दिसले तर ठीक, १२० दिसले तर एक रोधक गायब, ४० दिसले तर कुणीतरी तिसरा लावलाय. भंगारातली हायब्रिड बॅटरी आणून घरी उघडू नकोस. टुंड्राची २८८ व्होल्टची आहे आणि ६० व्होल्ट डीसीच्या वरचं सगळं उच्च दाबातच मोजतात. सर्व्हिस प्लग (बॅटरीची वीज तोडणारा खटका) काढल्यावरही इन्व्हर्टरचे कपॅसिटर उतरायला उत्पादकानं सांगितलेली मिनिटं थांबावं लागतं, टोयोटाच्या पुस्तिकांत ती १० असतात. ते काम १,००० व्होल्टचे हातमोजे आणि प्रशिक्षित माणूस असेल तिथंच शीक.

ताई, आता पैशांचं. ४० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं: हप्ता ५४,००० च्या घरात. अमेरिकेत अशा पदवीनंतर १२ अधिक २४ असे ३६ महिने काम करता येतं, पुढं एच-१बी या कामाच्या व्हिसाची सोडत. ती लागेलच असं धरून कर्ज काढू नका. पुण्यात परत आल्यावर हा हप्ता पगारातून झेपेल का, तेवढंच पाहा. झेपणार नसेल तर दोन वर्षं आधी इथं नोकरी करावी आणि मग जावं. हिंजवडीत केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज यांच्यासारख्या कंपन्या परदेशी वाहन कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर आणि अभियांत्रिकीचं काम करतात. वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. भारतात हायब्रिड पिकअपची बाजारपेठ जवळजवळ नाही, हे मात्र तिला स्पष्ट सांगा. इथं हायब्रिड म्हणजे मुख्यतः कार, आणि त्यातही ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर ही टोयोटा-सुझुकीच्या भागीदारीचीच अपत्यं, बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यातली.

जायचंच ठरलं तर विद्यापीठाच्या नावापेक्षा अभ्यासक्रम पाहा. मिशिगन विद्यापीठाचं डिअरबॉर्नमधलं केंद्र, डेट्रॉइटचं वेन स्टेट, हॉटनचं मिशिगन टेक या ठिकाणी वाहन किंवा विद्युत-चालनाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. साउथ कॅरोलायनात क्लेमसनचा वाहन अभियांत्रिकीचा विभाग आहे. विद्यार्थ्यांनी खरी गाडी स्वतः बदलून दाखवायच्या इकोकारसारख्या स्पर्धेत कॉलेजचा संघ आहे का, हे अर्जाआधी विचारा. संघात काम केलेल्या मुलीकडे दाखवायला गाडी असते.

"हायब्रिड म्हणजे अर्धवट" याचं उत्तर वरच्या २१ किलोवॅट-तासांत आहे. एका चढाला एवढी वीज लागत असेल तर दिवसभर ट्रेलर ओढायला केवढी बॅटरी लागेल, ती स्वतः किती वजनाची असेल, हे तिला काढू द्या. कंपन्याही याच हिशेबापाशी पुन्हा पुन्हा येतात: ऑगस्ट २०२५ मध्ये जनरल मोटर्स आणि ह्युंदाई यांनी पाच गाड्या मिळून करायचं जाहीर केलं, त्यात दक्षिण आणि मध्य अमेरिकेसाठी मध्यम आकाराचा पिकअपही आहे, पेट्रोल किंवा हायब्रिड अशा दोन्हींची सोय असलेला. आणि समजा उद्या सगळं पूर्ण इलेक्ट्रिक झालं, तरी मोटरचा टॉर्क, ब्रेकची वाटणी, कॅन आणि उच्च दाबाची शिस्त, हे सगळं तसंच लागतं. जाईल ते इंजिन आणि क्लचचं ज्ञान. म्हणून चौथ्या वर्षाचे ऐच्छिक विषय निवडताना इंजिनचा एक पुरे. दुसरा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा किंवा कंट्रोल सिस्टिमचा घ्यायला सांगा, विभाग वेगळा म्हणून कॉलेज कुरकुर करेल तरीही. अर्जांच्या तारखा बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत संपतात. तोवर तो डेव्हिस डॅमचा आलेख तयार हवा.